पर्यावरणपूरक छपाई: नाशिकच्या व्यावसायिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर-अंबडचे कारखानदार, मेन रोड आणि कॉलेज रोडवरील दुकानदार, द्राक्षे व बेदाणे पाठवणारे बागायतदार, गंगापूर धरणाच्या बाजूचे रिसॉर्टचालक अशा सर्वांना वर्षभरात पत्रके, माहितीपत्रके, व्हिजिटिंग कार्ड, दिनदर्शिका, पिशव्या आणि फलक छापून घ्यावे लागतात. हे काम पर्यावरणाला कमीत कमी त्रास देऊन कसे करावे, याविषयी छापखान्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पर्यावरणपूरक छपाई म्हणजे नेमके काय?

कोणतीही छपाई पर्यावरणाच्या दृष्टीने पूर्णपणे निर्दोष नसते. कागद बनवायला पाणी, वीज आणि रसायने लागतात, प्लेटसाठी अ‍ॅल्युमिनियम लागते आणि यंत्र धुण्यासाठी सॉल्व्हंट, म्हणजे शाई विरघळवणारे द्रव, लागते. म्हणून या शब्दाचा व्यवहारातला अर्थ तुलनात्मक आहे. त्याच कामासाठी कमी साहित्य वापरणे, निरुपयोगी झाल्यावर रद्दीत जाऊन पुन्हा कागद होऊ शकेल अशी वस्तू बनवणे आणि छापणाऱ्या कामगाराच्या श्वासात कमी विषारी वाफा जातील अशी पद्धत निवडणे, या तीन गोष्टी जिथे साधतात, ती छपाई अधिक पर्यावरणपूरक म्हणता येईल.

सुरुवात कोणत्या निर्णयापासून करावी?

संख्येपासून. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न सोया शाईचा विचारतात आणि नगांची संख्या मात्र गेल्या वर्षीच्या बिलावरून सांगून मोकळे होतात. आमच्या मते हा क्रम उलटा असायला हवा.

एक साधा हिशेब पाहू. ए-५ आकाराच्या पत्रकाचे क्षेत्रफळ चौरस मीटरच्या ३२ व्या भागाइतके असते. १३० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या) गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेले असे एक पत्रक साधारण ४ ग्रॅमचे भरते आणि ५,००० पत्रकांना २० किलोंहून थोडा अधिक कागद लागतो. तेच पत्रक ९० जीएसएमच्या कागदावर घेतले, तर १४ किलोंत काम होते. पण खरोखर वाटली जाणारी पत्रके ३,००० च असतील आणि तेवढीच छापली, तर १३० जीएसएमचा जाड कागद ठेवूनही कागद १२ किलोंच्या आसपासच लागतो. म्हणजे कागदाची जाडी कमी करण्यापेक्षा कपाटात पडून राहणारी २,००० पत्रके न छापण्यात अधिक बचत आहे. दोन्ही केले, तर आकडा साडेआठ किलोंच्या खाली येतो. शाई कोणतीही वापरली, तरी ती एवढा फरक पाडू शकत नाही.

नेमकी संख्या ठरवण्यासाठी गेल्या वेळचा उरलेला साठा एकदा मोजून पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

आकार ठरवताना काय पाहावे?

कागद बाजारात ठरावीक मापांच्या शीटमध्ये येतो. २३ × ३६ इंची शीटचे दोन भाग केले, की १८ × २३ इंचाचे तुकडे मिळतात आणि साडेआठ × ११ इंचाची चार पाने त्यात नीट बसतात. संगणकावर मात्र डिझायनर सहसा ए-४ घेऊन बसतो. त्याची लांबी ११.६९ इंच असल्याने दोन पाने एकाखाली एक ठेवली, की माप २३ इंचांच्या बाहेर जाते आणि २५ × ३६ ची मोठी शीट घ्यावी लागते. पाऊण इंचाच्या हट्टापायी वाढलेला हा कागद कटिंगमध्ये रद्दी होतो. म्हणून डिझाइन सुरू होण्याआधीच छापखान्याला आपल्या यंत्राचे आणि शीटचे माप विचारून घ्यावे. गोल किंवा तिरक्या आकाराच्या डाय कटिंगच्या पत्रकांनाही हाच नियम लागू पडतो, कारण सुंदर आकाराच्या चारही बाजूंना कचराच उरतो.

ऑफसेट चांगले की डिजिटल?

ऑफसेटमध्ये प्रत्येक रंगाची स्वतंत्र प्लेट करावी लागते आणि रंग जुळेपर्यंत सुरुवातीच्या बऱ्याच शीट वाया जातात. संख्या हजारांत असेल, तर हा खर्च नगांवर विभागला जातो. दीडशे-दोनशे प्रतींसाठी मात्र त्याला अर्थ नाही, तिथे डिजिटल छपाईच घ्यावी. डिजिटलमध्ये प्लेट नसते आणि दोन महिन्यांनी मोबाइल क्रमांक बदलला, तरी जुना साठा फेकावा लागत नाही.

कोरड्या टोनरने छापलेला कागद पुनर्प्रक्रियेत बऱ्यापैकी स्वच्छ होतो. अतिनील प्रकाशाने लगेच सुकणाऱ्या यूव्ही शाईच्या छपाईत सॉल्व्हंटच्या वाफा जवळजवळ नसतात, ही तिची जमेची बाजू आहे, परंतु तिचा थर चिवट असतो आणि लगदा करताना त्याचे कपटे वेगळे काढणे अवघड जाते. ऑफसेटच्या वापरलेल्या अ‍ॅल्युमिनियम प्लेट भंगारात चांगल्या भावाने जातात, त्यामुळे त्या वाया जाण्याची काळजी फारशी करू नये.

कागद कोणता निवडावा?

भारतात कागद प्रामुख्याने तीन प्रकारच्या कच्च्या मालापासून बनतो: लाकूड, शेतीतील उरलेला माल आणि रद्दी. शेतीतील उरलेल्या मालात उसाचे चिपाड सर्वांत महत्त्वाचे आहे. तमिळनाडू सरकारच्या कागद गिरणीने चिपाडापासून छपाईचा कागद मोठ्या प्रमाणावर बनवून दाखवला आहे आणि असा कागद दिसायला साध्या, कोटिंग नसलेल्या मॅपलिथो कागदासारखाच असतो. रद्दीपासूनचा, खोक्यांसाठी वापरला जाणारा खाकी क्राफ्ट कागद तर नाशिकला जवळच मिळतो, कारण तो बनवणाऱ्या अनेक गिरण्या पेठ-धरमपूरमार्गे गाठता येणाऱ्या वापीच्या परिसरात आहेत. दूरच्या देशातून आलेला, झकपक प्रमाणपत्राचा कागद मागवण्यापेक्षा हा जवळचा कागद अनेकदा अधिक शहाणपणाचा ठरतो.

ज्यांना निमंत्रणपत्रिका किंवा मोजक्या भेटकार्डांसाठी काही वेगळे हवे असेल, त्यांनी हातकागदाचा विचार करावा. तो सुती चिंध्यांपासून बनतो, त्याला झाड लागत नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात ही कला शतकानुशतके चालत आली आहे आणि गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये सुरू झालेली पुण्याची हातकागद संस्थाही प्रसिद्ध आहे. नाशिककरांना सुती कागद खरे तर नवा नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात आणि नोटेचा कागद लाकडाच्या नव्हे, तर कापसाच्या तंतूंचा असतो. मात्र हातकागदाची जाडी सर्वत्र सारखी नसते आणि वेगवान ऑफसेट यंत्रात तो अडकतो, म्हणून त्यावर स्क्रीन प्रिंटिंग करून घ्यावे.

पांढरेपणाचा मोह थोडा कमी केला, तरी फरक पडतो. कागद विरंजित करताना मूलद्रव्यरूपातील क्लोरीन वापरला नसेल, तर त्याला इसीएफ म्हणतात आणि क्लोरीनची संयुगेही टाळली असतील, तर टीसीएफ. किंचित पिवळसर, नैसर्गिक छटेचा कागद डोळ्यांनाही बरा वाटतो, हे दिनदर्शिका आणि डायरी छापणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

रिसायकल्ड कागदावर छायाचित्रे चांगली येतात का?

कोटिंग नसलेल्या कागदावर शाई शोषली जाते, ठिपके पसरतात आणि रंग आर्ट पेपरपेक्षा मंद दिसतात. एका वाइनरीच्या माहितीपत्रकासाठी आम्ही उत्साहाच्या भरात करडा रिसायकल्ड कागद घेतला आणि संध्याकाळच्या उन्हातली द्राक्षबाग चक्क पावसाळी दिसू लागली. तो दोष कागदाचा नव्हता. छायाचित्रे त्या कागदासाठी तयारच केली नव्हती. फोटोतील गडद भाग आधी थोडे उजळ करावेत, शाईचे एकूण प्रमाण कमी ठेवावे आणि संगणकाच्या पडद्यावर विश्वास न ठेवता त्याच कागदावर प्रूफ काढून पाहावे. रेखाचित्रे, ठळक अक्षरे आणि एक-दोन रंगांची छपाई यांना मात्र हा कागद फार शोभतो. आधी कागद ठरवून मग डिझाइन करावे.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आषाढ-श्रावणात नाशिकची हवा दमट असते, कोटिंग नसलेला कागद ओलावा ओढून वाकतो आणि तेलावर आधारित शाई सुकायला जास्त वेळ घेते. अशा दिवसांत घाईची मुदत दिली, की खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते आणि अर्धे काम पुन्हा छापावे लागते. गणपती आणि दिवाळीची कामे दोन-चार दिवस आधी देणे हाही कागद वाचवण्याचाच एक उपाय आहे.

एफएससी, इकोमार्क या चिन्हांचा अर्थ काय?

एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) ही १९९३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातील लाकूड, मिश्र स्रोत आणि पुनर्प्रक्रिया केलेला माल यांसाठी तिची वेगवेगळी लेबले असतात. येथे एक बाब अनेकांना ठाऊक नसते: कागद एफएससी प्रमाणित असला, तरी छापखान्याकडे स्वतःचे प्रमाणपत्र नसेल, तर तयार पत्रकावर ते चिन्ह छापता येत नाही. इंटरनेटवरून चिन्ह उतरवून घेऊन कोपऱ्यात लावणे हा त्या चिन्हाचा गैरवापर आहे.

भारत सरकारची इकोमार्क योजना १९९१ मध्ये मातीच्या मडक्याच्या चिन्हासह सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले. एकमेकांमागे धावणाऱ्या तीन बाणांचे चिन्ह १९७० मधले आहे, परंतु ते दिसले म्हणजे माल रिसायकल्ड आहे, असे सिद्ध होत नाही.

सोया किंवा वनस्पती-तेलाच्या शाईने किती फरक पडतो?

फरक पडतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. नेहमीच्या ऑफसेट शाईत खनिज तेल असते, तर या शाईत त्याच्या काही किंवा सर्व भागाऐवजी सोयाबीन, जवस अशा वनस्पतींचे तेल असते. रंगद्रव्ये आणि राळ दोन्हींत लागतातच, म्हणून 'शंभर टक्के सोया' हा शब्दप्रयोग ऐकला, की थोडी शंका घ्यावी. हवेत जाणाऱ्या वाफा कमी होतात आणि रद्दीतून शाई काढणेही सोपे जाते, हे तिचे खरे फायदे आहेत.

आमचा सल्ला असा, की शाईबरोबरच यंत्र कशाने धुतले जाते तेही विचारावे. रॉकेल किंवा पेट्रोलने रोलर पुसणाऱ्या छापखान्यात महागडी शाई वापरल्याने कामगाराचे फारसे भले होत नाही.

लॅमिनेशन करावे की नाही?

शक्यतो करू नये. पत्रकांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर जे चकचकीत किंवा मखमली लॅमिनेशन केले जाते, ती बीओपीपी नावाच्या प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते. ती कागदाला अशी चिकटते, की रद्दीवाल्याच्या हाती ना धड कागद लागतो, ना धड प्लॅस्टिक. साधा कागद लगद्यात विरघळून त्याचे तंतू पाच ते सात वेळा वापरता येतात. लॅमिनेशन केले, की ती साखळी पहिल्याच फेरीत तुटण्याची शक्यता असते.

पर्याय आहेत. पाण्यावर आधारित वॉर्निशचा थर दिला, तर बोटांचे डाग आणि ओरखडे बऱ्यापैकी टळतात आणि कागद कागदच राहतो. मात्र त्यासाठी कोटिंग युनिट असलेले ऑफसेट यंत्र लागते आणि ते प्रत्येक छापखान्यात नसते, म्हणून आधी चौकशी करावी. व्हिजिटिंग कार्डाला जाडपणा हवा असेल, तर कोटिंग नसलेले ३०० जीएसएमचे किंवा त्याहून जाड कार्ड लॅमिनेशनशिवायही भारदस्त लागते. आठवडाभरात फेकल्या जाणाऱ्या सेलच्या हँडबिलावर लॅमिनेशन करणे तर सरळसरळ उधळपट्टी आहे. याउलट हॉटेलातील मेन्यूकार्ड रोज ओल्या हातांनी हाताळले जाते आणि लॅमिनेशनमुळे ते वर्षभर टिकत असेल, तर तिथे ते समर्थनीय आहे. दर महिन्याला नवे कागदी मेन्यूकार्ड छापणे हा त्यापेक्षा चांगला मार्ग नव्हे.

फ्लेक्सला पर्याय काय? सिंहस्थासाठी फलक लावायचे आहेत.

हा प्रश्न २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे अधिकच विचारला जाऊ लागला आहे. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेली शीट. दोन वेगळी प्लॅस्टिके एकजीव झाल्याने त्याची पुनर्प्रक्रिया अवघड असते आणि पीव्हीसीमध्ये क्लोरीन असल्याने तो जाळला, तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्झिनसारखी घातक द्रव्ये बाहेर पडतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर बंदी घातली आहे. बहुतेक फ्लेक्स त्याहून जाड असल्याने कायद्याच्या जाळ्यातून सुटतो. पण कायद्यातून सुटला म्हणून तो गोदावरीच्या काठावर निरुपद्रवी ठरत नाही.

कापडी फलक हा पहिला पर्याय आहे. एका जागी दोन-चार दिवस लावायचा असेल आणि मजकूर थोडा असेल, तर सुती कापडावर स्क्रीन प्रिंटिंग किंवा पेंटरकडून हाताने रंगवून घेणे उत्तम. मोठी छायाचित्रे हवी असतील, तर कापडावर पाण्यावर आधारित लेटेक्स शाईची डिजिटल छपाई करता येते आणि सॉल्व्हंट शाईचा तो डोके धरवणारा वासही टळतो. दुकानाबाहेरचा कायमचा फलक असेल, तर पत्र्यावर रंगवलेला फलक अनेक वर्षे टिकतो आणि मजकूर बदलला, तर तो पुन्हा रंगवता येतो.

फलकावर तारीख न छापणे ही लहानशी युक्ती फार उपयोगी पडते. 'स्वागत' एवढाच मजकूर असलेला कापडी फलक पुढच्या उत्सवालाही चालतो. फलक कोणत्याही साहित्याचा असला, तरी सार्वजनिक जागेवर लावण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते आणि विनापरवाना फलक १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात. कापडाचा आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

जाहिरातीच्या पिशव्यांसाठी कोणते साहित्य घ्यावे?

कापडासारखी दिसणारी रंगीत नॉन-वोव्हन पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकची असते. केंद्रीय नियमांनुसार ती दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची असावी लागते. राज्यातही मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकवरील निर्बंध लागू आहेत, त्यामुळे मोठी ऑर्डर देण्यापूर्वी सध्याचा नियम तपासावा.

सुती पिशवी चांगली, पण कापूस पिकवायलाही पाणी लागते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा वापरली गेली तरच तिचा उपयोग. तळहाताएवढी शोभेची पिशवी देण्यापेक्षा भाजी आणायला उपयोगी पडेल अशी, रुंद तळाची आणि मजबूत बंदांची पिशवी द्यावी. आपले नावही रविवार कारंजाच्या बाजारात त्याच पिशवीमुळे फिरेल. छपाई पाण्यावर आधारित शाईने करून घ्यावी. रबरासारखी जाड लागणारी प्लॅस्टिसॉल शाई पीव्हीसीवर आधारित असते.

चिवडा, बेदाणे अशा खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचे काय?

येथे पर्यावरणाआधी आरोग्य पाहावे. अन्नसुरक्षा विभागाच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनुसार वर्तमानपत्राचा कागद अन्नाला लावता येत नाही आणि वेष्टनावरील शाई आयएस १५४९५ या मानकाला अनुसरून असावी लागते. रद्दीपासून बनवलेल्या कागदात जुन्या शाईचे अंश असू शकतात, म्हणून असा डबा थेट अन्नाला लागू देऊ नये. आत अन्नयोग्य कागदाचे अस्तर घालावे. द्राक्षांच्या कोरुगेटेड खोक्यांवर मात्र फ्लेक्सो पद्धतीने, म्हणजे लवचीक प्लेट वापरून, पाण्यावर आधारित शाईची छपाई पूर्वीपासूनच होते. क्राफ्टवर एकाच गडद रंगात छापलेले खोके पुरेसे देखणे दिसते, त्यावर चार रंगांची गरज नाही.

मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळली जाणारी पारदर्शक फिल्म जुलै २०२२ पासून केंद्रीय बंदीच्या यादीत आहे.

बियांचा कागद खरोखर उगवतो का?

बी ताजे असेल, कागद कोरड्या जागी ठेवला असेल आणि घेणाऱ्याने तो मातीत लावला, तर उगवतो. तिसरी अट बहुतेक वेळा पूर्ण होत नाही. तुळस किंवा झेंडूच्या बियांची शंभर कार्डे निवडक ग्राहकांना देण्यात मजा आहे, पाच हजार वाटण्यात नाही.

पर्यावरणपूरक छपाई महाग पडते का?

काही बाबतींत पडते, काहींत उलट स्वस्त होते. प्रमाणित कागद, हातकागद, कापडी फलक यांचा दर जास्त असतो. संख्या कमी करणे, लॅमिनेशन टाळणे, चार रंगांऐवजी दोन रंग वापरून दोन प्लेट वाचवणे आणि शीटच्या मापात बसणारा आकार घेणे यांमुळे खर्च घटतो. एकाच वेळी सगळे केल्यास बहुतेक कामांत बिल जवळपास तेवढेच राहते, असा आमचा अनुभव आहे. क्यूआर कोड देऊन दरपत्रक किंवा तपशील मोबाइलवर नेले, तर सोळा पानांचे माहितीपत्रक चार पानांवर येऊ शकते. मात्र दर बदलताच तो दुवा अद्ययावत ठेवायला हवा.

छापखान्याला कोणते प्रश्न विचारावेत?

कागद कोणत्या गिरणीचा आहे आणि त्याच्या रिमचे लेबल दाखवता का? शाईच्या डब्यावर काय लिहिले आहे? वापरलेली शाई, चिंध्या आणि धुण्याचे द्रव कोठे जातात? नाल्यात सोडले जात असतील, तर ते काम तिथे देऊ नये, मग कागद कितीही चांगला असो. कटिंगची रद्दी गोळा करून विकली जाते का? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा मुद्रक सहसा कामही नीट करतो. कोणी नुसतेच 'सगळे इको-फ्रेंडलीच आहे' म्हणाला, तर नमुना आणि लेबल मागावे.

आपल्या पत्रकावर 'पर्यावरणपूरक' असे छापता येईल का?

मोघम शब्द टाळावेत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, असा दावा करणाऱ्याने तो पुराव्यासह स्पष्ट करावा, अशी अपेक्षा त्यांत आहे. 'हे पत्रक रद्दीपासून बनवलेल्या कागदावर, लॅमिनेशनशिवाय छापले आहे' हे वाक्य खरे असेल, तर ते खुशाल छापावे. 'निसर्गाचे मित्र' असे लिहून खाली पीव्हीसीचा फलक लटकवू नये.

पत्ता किंवा क्रमांक बदलल्यामुळे पडून असलेल्या जुन्या साठ्याचे काय करावे?

आधी वेगवेगळे करावे. लॅमिनेशन नसलेली पत्रके रद्दीत द्यावीत, पिना काढल्या नाहीत तरी चालते, कारण गिरणीत त्या वेगळ्या काढल्या जातात. लॅमिनेशन केलेला माल रद्दीत मिसळू नये, तो घंटागाडीत सुक्या कचऱ्यात द्यावा. एका बाजूने कोऱ्या असलेल्या पत्रकांचे कटिंग करून, वरून पॅडचा गोंद लावून कार्यालयासाठी चिठ्ठ्यांची पॅड बनवून घेता येतात आणि हे काम कोणताही लहान छापखाना तासाभरात करून देतो. फक्त क्रमांकच चुकला असेल, तर सगळा साठा टाकण्याआधी त्यावर बारीक रबरी शिक्का मारून चालेल का, ते पाहावे. जुने फ्लेक्स बागायतदार आणि टेम्पोवाले ताडपत्रीसारखे झाकायला नेतात, त्यांना विचारून ते देऊन टाकावेत. कोणत्याही परिस्थितीत ते जाळू नयेत.